दोन्काचे तळपाय

मेतोदीने एकतीस वर्षं राडोविश गाव ते राजधानी स्कोपिये अशी बस चालवली आणि एकदाही ती उशिरा सोडली नाही. हे तो स्वतःच सांगायचा, आणि समोरच्याने दहा वेळा ऐकलेलं असलं तरी अकराव्यांदा सांगायचा. त्याच्या बायकोला, दोन्काला, या बढाईचा इतका कंटाळा आला होता की तो नुसतं 'एकतीस' म्हणाला तरी ती उठून चुलीवरचं काहीतरी ढवळायला जायची. चुलीवर काही नसलं तरी जायची.

त्या वसंतात दोन्काच्या आतड्यातली गाठ काढली आणि पाठोपाठ यकृतावर दोन डाग दिसले. मेतोदीच्या पायाखालची जमीनच सरकली. महिनाभर तो या खोलीतून त्या खोलीत नुसता फिरत राहिला. त्याने चांगले बल्ब बदलले, न कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल घातलं आणि भिंतीवरचं चालू घड्याळ उघडून बंद पाडलं. मग एक दिवस डॉक्टर कालिनाने दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं की आता केमोच्या गोळ्या सुरू करायच्या, त्या घरीच घ्यायच्या.

"सकाळी साडेसातला, नाश्ता झाल्या झाल्या. संध्याकाळी साडेसातला, जेवण झाल्या झाल्या. चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी. मग पुन्हा पहिल्यापासून."

मेतोदीने महिन्याभरात पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे हे वेळापत्रक आहे."

"वेळापत्रकच आहे, काका."

"मग ते माझ्याकडे द्या."

त्या दिवसापासून घर त्याने ताब्यात घेतलं. फ्रिजवर कागद चिकटला. गोळ्यांची डबी पावाच्या टोपलीशेजारी आली. पहिली अडचण मात्र पहिल्याच संध्याकाळी उभी राहिली: जेवण झालं असं म्हणायचं कधी? त्यांच्या घरात जेवण असं कधी संपतच नसे. सूप झालं की सॅलड, सॅलडबरोबर चीज, चीज उरलं म्हणून पाव, पाव उरला म्हणून आणखी चीज, आणि तेवढ्यात शेजारची पेरसा मावशी दार न वाजवता आत येणार आणि तिच्यासाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मेतोदीने फर्मान काढलं की आपण दोन्काचं ताट उचललं की जेवण संपलं, आणि मग कोणी दोन्काकडे वाटाणासुद्धा सरकवायचा नाही.

"अरे, पण माझं झालं नव्हतं!" दोन्का ओरडली.

"गाडी सुटली," मेतोदी म्हणाला आणि तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

स्वयंपाकातलं त्याला कॉफी सोडून काही येत नव्हतं. दोन्का खुर्चीत बसून हुकूम सोडायची आणि तो बटाटे सोलायचा, इतक्या जाड साली काढून की सालींमध्येच निम्मा बटाटा जायचा. गोळ्यांनी तिच्या तोंडाची चव गेली. काहीही खाल्लं तरी किल्ली चघळल्यासारखं लागतं, असं ती म्हणाली. तेव्हा त्याने घरातले सगळे स्टीलचे चमचे खणात कोंबले आणि माळ्यावरून लाकडी चमचे काढले, आणि खरोखरच तिला चार घास जास्त जायला लागले. पोट बिघडायचं तेव्हा तो भाताची पेज करायचा आणि संडासाच्या दाराबाहेर पेन्सिल घेऊन उभा राहायचा.

"दोन्का, ही तिसरी की चौथी?"

"मेतोदी, हे काय बसस्टँड आहे? जा तिकडे!"

"चौथ्यानंतर ती जुलाब थांबवायची गोळी द्यायची असते."

"तिसरी. आता तरी जाशील?"

आणि दाराच्या अलीकडून पलीकडून दोघंही हसायचे. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. त्यातली एकतीस बसवर आणि बाकीची दुसऱ्या कामांवर, तो पहाटे जायचा आणि जेवायला परत यायचा. दोघं दिवसभर एका छपराखाली अशी या उन्हाळ्यातच राहिली होती, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्याची गंमत वाटायला लागली होती.

पेरसा मावशी सत्तरीची होती आणि तिच्याकडे जगातल्या सगळ्या आजारांवर उपाय होते. तिने बीटचा रस आणला, खाजकुयलीचा काढा आणला, पिवळ्या फुलांचा चहा आणला आणि एकदा आवाज खाली आणून कासवाच्या रक्ताची गोष्ट काढली. मेतोदी दर वेळी डॉक्टरांना फोन लावायचा. बीट चालेल, पेलाभर. पिवळ्या फुलांचा चहा अजिबात नको, तो गोळ्यांशी भांडतो. कासवाबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टर कालिना म्हणाली, "काका, कासवाला जगू द्या."

इतका सगळं विचारून करणारा माणूस. पण एक गोष्ट त्याने विचारली नाही.

दुसऱ्या फेरीच्या शेवटी दोन्काचे तळहात आणि तळपाय लाल झाले. आधी नुसती झिणझिण, मग जळजळ. टाचा सुजल्या, चवड्यांना भेगा पडल्या. मेतोदीने हे पाहिलं आणि फोनकडे वळलासुद्धा नाही. कारण पायाबद्दल डॉक्टरला काय विचारायचं? पायाचं कोणाला माहीत नसतं? राडोविशमध्ये पाळण्यातल्या बाळालाही ठाऊक असतं की दुखणं माणसात शिरतं ते तळपायांतून, थंड फरशीवरून, आणि उरलेलं शिरतं ते दोन उघड्या खिडक्यांमधल्या वाऱ्यातून. दोन्का मे महिन्यापासून घरात अनवाणी फिरत होती, गार वाटतं म्हणून. मग काय होणार?

त्याने खिडक्या लावल्या. आईने विणलेले जाड लोकरीचे मोजे काढले. आणि तळघरातून राकिया आणली, कडक दारू, स्वतःच्या द्राक्षांची, स्वतः गाळलेली, पाहुण्यालाही बोटभरच मिळणारी. रोज संध्याकाळी गोळ्या झाल्या की तो बुटक्या स्टुलावर बसायचा, दोन्काचे पाय मांडीवर घ्यायचा, ओंजळीत राकिया ओतायचा आणि चोळायचा. टाचा, चवडे, एकेक बोट. पाऊण तास. टीव्ही बंद. मग मोजे, दोन जोड.

"बरं वाटतंय?" तो विचारायचा.

दोन्का डोळे मिटून, खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेली असायची. "हो रे," ती म्हणायची. "छान वाटतंय."

पेरसा मावशी दारात उभी राहून हे बघायची आणि छातीवर क्रूसाची खूण काढायची. "माझ्या नवऱ्याने माझे पाय कधी पाहिलेसुद्धा नाहीत," ती म्हणायची. "त्याला वाटायचं मी चाकांवर चालते."

तिसऱ्या फेरीच्या आधी डॉक्टरांकडे जायचं होतं. आदल्या संध्याकाळी दोन्काने मेतोदीला स्वयंपाकघरात बोलावलं. टेबलावर पावाची अख्खी लादी ठेवलेली होती.

"हात ठेव."

"कशाला?"

"ठेव म्हणते ना. आता शपथ घे, की उद्या तिथे माझ्या पायांबद्दल एक अक्षर बोलणार नाहीस."

"अगं, पण ती विचारणार."

"मी सांगेन काय सांगायचं ते. मेतोदी, तिने पहिल्या दिवशी काय म्हटलं होतं ते आठव. त्रास जास्त झाला तर गोळ्या थांबवू, असं. रात्काच्या थांबवल्या होत्या."

रात्का ही तिची धाकटी बहीण. तिच्या गोळ्या थांबवल्या तेव्हा शेतात मका कोवळा होता, आणि कापणीला रात्का नव्हती. मेतोदीला हे आठवत होतं, कारण गोळ्या थांबवल्या त्या दिवशी रात्काला बसने नेणारा तोच होता आणि परत आणणाराही तोच. त्याने पावावर हात ठेवला. पावाची शपथ मोडणारा माणूस त्याने आयुष्यात पाहिला नव्हता, निदान राडोविशमध्ये तरी.

शपथ झाल्यावर दोन्काने तीन बीटं घेतली आणि किसायला बसली. कोपरापर्यंत लालभडक झाली. "आता बघू दे तिला माझे हात," ती म्हणाली.

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी डॉक्टर कालिनाने तळहात पुढे करायला सांगितले आणि दचकली. "हे काय?"

"बीट," दोन्का म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, पेलाभर चालेल."

"आणि पाय?"

"पाय उत्तम! लग्नात नाचेन अशी आहे." तिने काळे बूट घातले होते, घोट्याच्या वरपर्यंतचे, नाडी आवळलेली. डॉक्टर हसली आणि लिहायला लागली. मेतोदी छताकडे बघत राहिला. त्याला वाटलं, छतावर एक भेग आहे, तिची कोणीतरी डागडुजी करायला हवी. घरी आल्यावर ते बूट काढायला त्याला अर्धा तास लागला आणि बूट निघाले तेव्हा दोन्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ती म्हणाली बूट नवे आहेत. बूट सात वर्षांचे होते.

मग सप्टेंबर आला, आणि सप्टेंबरात आमच्याकडे माणसं आजारी पडत नाहीत, कारण आयवार, हिवाळ्याभराची मिरच्यांची चटणी, करायचा असतो. गल्लीभर लाल मिरच्यांच्या गोण्या उतरल्या. अंगणाअंगणात पत्र्याच्या शेगड्या पेटल्या, आणि भाजलेल्या मिरचीचा वास कपड्यांत, केसांत, उशांत जाऊन बसला. दोन्काचा आयवार गल्लीत पहिल्या नंबरचा. हे दुसऱ्या नंबरची पेरसा मावशीसुद्धा मान्य करायची, फक्त दोन्का समोर नसताना.

या वर्षी दोन्का अंगणात खुर्चीवर बसली, दोन जोड मोज्यांत, अंगावर शाल, कपाळावर घाम, आणि सेनापतीसारखी हुकूम सोडू लागली. आदल्या दिवशी भाजून, सोलून, वाटून ठेवलेल्या मिरच्या कढईत तेलावर शिजत होत्या. ती कढई मेतोदीकडे. लाकडी पळीने ढवळत राहायचं, तीन तास, हात थांबवायचा नाही. आजच्या मिरच्या पत्र्यावर भाजून पेरसा मावशी सोलत होती.

"तळापासून ढवळ, मेतोदी! तू वरवर कुरवाळतोयस तिला."

"ढवळतोय की."

"एकतीस वर्षं स्टेअरिंग फिरवलंस, पळी फिरवता येत नाही?"

"स्टेअरिंग अंगावर उडत नव्हतं!" कढईतून बुडबुडा फुटून त्याच्या मनगटावर आला आणि त्याने असा एक शब्द उच्चारला की पेरसा मावशीने मिरचीसकट क्रूस काढला. दोन्का खो खो हसली. त्या उन्हात, त्या धुरात, ती पहिल्यासारखी दिसत होती, आणि मेतोदीला वाटलं की आता अशीच हसत राहिली तर आपण गल्लीभराचा आयवार एकट्याने ढवळू.

पण दोन्काचं लक्ष पेरसा मावशीच्या हाताकडे गेलं.

"अगं मावशी, मिरची सोलतेयस की हजामत करतेयस तिची? संध्याकाळ होईल! आण इकडे."

"तू बस गं."

"आण म्हणते ना." आणि कोणी काही म्हणायच्या आत तिने वाकून एक गरम मिरची उचलली, अंगठ्याने देठाशी चिरली आणि सरकन साल ओढली. अडतीस वर्षांची सवय, एका ओढीत साल निघते. ती निघाली. तिच्याबरोबर दोन्काच्या दोन बोटांची कातडीही निघाली.

ती ओरडली नाही. नुसती मिरची धरून बसली आणि पांढरी पडली.

मेतोदीने कढईखालची आग विझवली. हे वाचणाऱ्याला साधं वाटेल. पण अर्धा शिजलेला आयवार आगीवरून उतरवणं आमच्या गल्लीत कोणी केलं नव्हतं, पेरसा मावशीच्या नवऱ्याचा मृत्यू झाला त्या दिवशीही नाही. मावशी किंचाळली. मेतोदीने तिच्या हातात पळी दिली, दोन्कासमोर गुडघ्यावर बसला आणि तिचे मोजे काढले. रोज संध्याकाळी तो ते पाय दिव्याच्या उजेडात चोळत होता. भर उन्हात त्याने ते आज पाहिले. टाचेवर फोड होता, अंड्याएवढा.

"दोन्का, मी फोन करतोय."

"शपथ घेतलीयस तू."

"घेतलीय."

"पावाची!"

"मग उद्यापासून पावाऐवजी बटाटे खाईन," मेतोदी म्हणाला आणि फोन लावला. त्याने सगळं सांगितलं: लाली, भेगा, फोड, बीट, बूट. डॉक्टर कालिनाने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "काका, पायांना काय लावत होतात?"

"राकिया," मेतोदी म्हणाला, आणि राहवलं नाही म्हणून पुढे जोडलं, "घरची."

पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"आणि वरून?"

"मोजे. लोकरीचे. दोन जोड."

"अरे देवा," डॉक्टर म्हणाली. "काका, ऊब आणि घासणं, याच दोन गोष्टी टाळायच्या असतात. पाय उघडे ठेवा. गार पाण्यात बुडवा. आणि गोळ्या आजपासून बंद. उद्या सकाळी दोघं इकडे या."

बंद. त्याने फोन ठेवला आणि दोन्काकडे पाहिलं. तिने त्याच्या तोंडावरून ओळखलं.

"विकलंस मला," ती म्हणाली. "अडतीस वर्षांनी विकलंस." त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. त्याने गार पाण्याची परात आणून ठेवली, तिने पाय बुडवले, पण बोलली पेरसा मावशीशी. मावशीने आग पुन्हा पेटवली होती आणि ती एकटीच दोन हातांनी कढई ढवळत रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते निघाले. बस सिमो चालवत होता, मेतोदीनेच त्याला शिकवलेलं. दोन्का पहिल्या बाकावर बसली, पायांत नुसत्या उघड्या सपाता, आणि समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "सिमो, तुझ्या गुरूला सांग, माझी पिशवी वर ठेवायची नाही."

सिमोने आरशातून मेतोदीकडे पाहिलं. "काका, पिशवी—"

"ऐकलं मी."

मग पुढच्याच थांब्यावर बायका चढल्या आणि त्यांना दोन्काचे उघडे पाय दिसले. सप्टेंबरची सकाळ, चालती गाडी आणि साठीच्या बाईचे उघडे पाय! एकीने पिशवीतून मोजे काढले. दुसरीने खिडकी लावली. तिसरी, एक ऐंशीची आजी, अंगावरची शाल सोडून दोन्काच्या पायांभोवती गुंडाळायलाच बसली. "कोणाची गं तू, लेकी? नवरा बिवरा आहे की नाही काळजी घ्यायला?"

मेतोदी ताडकन उठला. काल दुपारपर्यंत तो स्वतः याच बायकांच्या बाजूचा होता. "हात लावू नका!" तो गरजला. "खिडकी उघडा! ती पण, पलीकडची पण! पाय उघडेच ठेवायचेत, डॉक्टरांनी सांगितलंय!"

"दोन खिडक्या?" आजी भेदरून म्हणाली. "समोरासमोर?"

"समोरासमोर!"

बसमध्ये वारा सुटला. प्रवाशांनी माना आत ओढल्या, कॉलर वर केल्या आणि मेतोदीकडे खुन्याकडे बघावं तसं बघितलं. तो दोन्काच्या बाकाशी पहारा देत स्कोपियेपर्यंत उभा राहिला. दोन्का खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. ती रडतेय की हसतेय ते त्याला मागून कळलं नाही, आणि पुढे जाऊन बघायचं त्याला धाडस झालं नाही.

डॉक्टर कालिनाने पाय पाहिले, हात पाहिले, बराच वेळ पाहिले. मग खुर्ची ओढून दोन्काच्या अगदी समोर बसली.

"आणखी दहा दिवस लपवलं असतं तर काय झालं असतं माहितेय? हे चिघळलं असतं, आणि मग मला या गोळ्या खरंच कायमच्या बंद कराव्या लागल्या असत्या. आता नाही. आता दोन आठवडे विश्रांती. कातडी भरून आली की पुन्हा सुरू, थोड्या कमी. बहुतेकांना कमी कराव्या लागतात. हे उपचारातच धरलेलं असतं."

"माझ्या बहिणीच्या..." दोन्का म्हणाली आणि थांबली.

"तुमच्या बहिणीला गोळ्या लागू पडत नव्हत्या, म्हणून थांबवल्या असतील. तुम्हाला लागू पडतायत." डॉक्टरने टेबलावरून कागद उचलला. "गेल्या आठवड्यातला स्कॅन. मी आजच फोन करणार होते. मोठा डाग निम्म्याहून लहान झालाय. धाकटा मला शोधावा लागला."

दोन्काने कागद घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. त्यातलं तिला काही कळत नव्हतं. मेतोदीलाही कळत नव्हतं, पण त्याने खांद्यावरून वाकून पूर्ण वाचला, तारखेसकट. मग त्याने रुमाल काढला आणि भोंग्यासारखं नाक शिंकरलं. बाहेर रांगेत बसलेल्या लोकांनी दाराकडे पाहिलं.

"एक सांगा मला," डॉक्टर दोन्काला म्हणाली. "या अशा भेगांवर राकिया. तीन आठवडे. तुम्हाला झोंबलं नाही?"

"झोंबलं नाही?" दोन्का म्हणाली. "आग आग व्हायची! छप्पर उडून जाईल असं वाटायचं."

मेतोदीचा रुमाल हातातच राहिला. "तू म्हणायचीस, छान वाटतंय."

"मग काय म्हणू?" दोन्का कालपासून पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि आज त्याला बीट कारण नव्हतं. "डॉक्टर, हा माणूस एकतीस वर्षं बसवरून यायचा, जेवायचा आणि झोपायचा. वाईट नाही हो, चांगला आहे. पण माझे पाय कधी त्याने हातात घेतले नव्हते. आणि आता रोज संध्याकाळी स्टुलावर बसायचा, टीव्ही बंद करून, आणि एकेक बोट चोळायचा, जसं काही उद्या त्या बोटांची परीक्षा आहे. पाऊण तास! झोंबतं म्हटलं असतं तर थांबला असता ना तो."

मेतोदीने दोन्काकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे, मग खाली. अडतीस वर्षांत एवढी लाज आणि एवढा आनंद त्याला एकदम कधी झाला नव्हता, आणि दोन्हीचं काय करायचं ते त्याला कळेना.

डॉक्टर कालिनाने कागद पुढे ओढला आणि लिहायला घेतलं. "बरं. राकिया प्यायची नाही, चोळायची तर मुळीच नाही. हे मलम. सकाळ-संध्याकाळ. घासायचं नाही, अगदी हलक्या हाताने नुसतं लावायचं. कोणी दुसऱ्याने लावलं तर उत्तम. दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटं?" मेतोदी म्हणाला.

"दोन पुरेत, काका."

मेतोदी पुढे सरकला आणि टेबलावर दोन्ही हात टेकवून वाकला. कागदावर जे लिहिलेलं असतं ते घडतं, यावर त्याचा अजूनही पक्का विश्वास होता.

"डॉक्टरीणबाई," तो हळूच म्हणाला, "पाऊण तास लिहा ना."